किल्लेदाराची वीट

गुडघ्याएवढं फाटक आणि त्याला तळहाताएवढं कुलूप. माणूस आत आला की किल्लेदार आधी कुलूप लावायचा, किल्ली खिशात टाकायचा आणि मगच हात पुढे करायचा. पहिल्या दिवशीच मी सुनेला म्हटलं, "मृणाल, हा आपल्याला कोंडतोय. माणूस सरळ दिसत नाही."

"अहो बाबा, म्हातारे आहेत ते. सवय असेल."

"म्हातारा मीही आहे. मी कोंडतो का कुणाला?"

दर उन्हाळ्यात तीन महिने मी जर्मनीत गेर्लिंगेनला मुलाकडे असतो. गावाबाहेर भाड्याच्या छोट्या बागांची रांग आहे, श्रेबरगार्टन म्हणतात. एक सुनेने घेतलीय, शेजारची किल्लेदाराची. त्याचं खरं नाव माझ्या जिभेवर कधी बसलं नाही. किल्लेदार हे मी ठेवलेलं, कारण तो दुसरं काही बोलायचाच नाही.

त्याच्या पणजोबांच्या बापाने म्हणे अमेरिकेच्या वाळवंटात, अगदी सरहद्दीवर, पदरच्या पैशाने किल्ला बांधला. सरकारचा नव्हे, स्वतःचा. कातडी आणि घोंगड्यांच्या व्यापारासाठी. कच्च्या विटांच्या दोन हात जाड भिंती, दोन कोपऱ्यांना बुरूज, सूर्य कलला की दरवाजा बंद. सून जर्मनचं मराठी करून सांगायची आणि मी ऐकायचो. शाळा मी चौथीत सोडली, पण साताऱ्याकडे चाळीस वर्षं गवंडीकाम केलंय. किल्ला काय असतो ते मला कुणी शिकवू नये.

"त्याला सांग, किल्ला राजा बांधतो. दुकानदाराने बांधली तर ती वखार."

किल्लेदार हसला. "गेनाऊ, अगदी बरोबर! पण वखारीवर तोफ कोण ठेवतं?"

उत्तर तयार ठेवणाऱ्या माणसाचा मला आधीपासून संशय येतो. त्यात एकदा तो म्हणाला, तिकडे गवत मिळेना, म्हणून विटांच्या मातीत मेंढ्यांची लोकर कालवली. इथे मी त्याला पकडला. मातीत पेंढा घालतात, भुसा घालतात. लोकर कोण चिखलात तुडवेल?

तो उठला आणि लाकडी खोपटातून कापडात गुंडाळलेली वीट घेऊन आला. किल्ल्यातली उरलेली एकच. मी ती तोलली, नखाने खरवडली. कडा जरा जास्तच सरळ होत्या. म्हटलं, "फोड. आत काय आहे ते आत्ता दिसेल." त्याने वीट माझ्या हातातून ओढूनच घेतली.

तीन उन्हाळे हेच चाललं. कधी पाऊस आहे म्हणायचा, कधी हातोडी सापडत नाही. हातोडी भिंतीला टांगलेली, मला दिसत होती.

एक गोष्ट मात्र पटली होती. अमेरिकेचं लष्कर किल्ल्यात आलं, खोल्यांतून राहिलं, कोठारातलं पीठ संपवलं आणि वर किल्ला जवळजवळ फुकटात मागायला लागलं. तेव्हा त्या मालकाने छपराची लाकडं उपसून गाडीत घातली आणि तो चालता झाला. किल्लेदार म्हणायचा, "आल्झो, मग काय, बाकीचं पावसाने केलं." छप्पर गेलं की कच्ची भिंत कशी बसते ते मी पाहिलंय. हे ज्याने सांगितलं त्याने भिंत पाहिली असणार. पण ती याच्या पूर्वजाने, की दुसऱ्याच कुणी?

गेल्या उन्हाळ्यात गेलो तर फाटक सताड उघडं. मला तेच आधी खटकलं. टेबलावर वीट आणि शेजारी हातोडी. किल्लेदार बाग सोडून लुडविग्सहाफेनला मुलीजवळच्या वृद्धाश्रमात चालला होता. तो हळूहळू बोलला, सून त्याहून हळू मराठी करत गेली.

"मुलगी म्हणते, हे सगळं माझ्या आजोबांनी रचलेलं. मी सत्तर वर्षं सांगत आलोय आणि सत्तर वर्षं मला भीती वाटतेय की तिचंच खरं. तू गवंडी आहेस. फोड."

म्हणजे संशय मला एकट्यालाच नव्हता. हातोडी उचलली, पण हात चालेना. आत नुसती माती निघाली तर हा माणूस बरोबर काय नेणार?

"मृणाल, त्याला सांग, राहू दे. मला पटलंय."

तिने सांगितलं, तसा तो भडकलाच. "नाइन! पटलेलं नाही तुला. जाताना मला खोटं सांगू नकोस."

मी मधोमध एक घाव घातला. वीट दुभंगली, पण सुटेना. दोन्ही तुकडे धरून ओढले तेव्हा मध्ये मळकट पांढरे केस ताणले गेले. त्याने ते नाकाशी नेले. खूप वेळ हुंगले.

"मेंढी," तो म्हणाला. आणि अर्धी वीट कापडात बांधून माझ्या हातात दिली.

हिवाळ्यात तो गेला. दुसरी अर्धी शेवटपर्यंत उशाशी होती, असं त्याच्या मुलीने सुनेला फोनवर सांगितलं.

माझी अर्धी मुलाच्या बाल्कनीत आहे. परवा रविवारी त्याच्या कंपनीतला एक पुण्याचा इंजिनिअर जेवायला आला होता. त्याने वीट उलटीपालटी करून पाहिली आणि गालात हसला. "काका, लोकर आहे, मान्य. पण वीट त्याच किल्ल्यातली कशावरून?"

मी उठलो. बाल्कनीचं दार लावलं, मूठ खाली फिरवून ते पक्कं बंद केलं आणि मगच त्याच्यासमोर खुर्ची ओढली.

"बस," म्हटलं. "पहिल्यापासून सांगतो."