बाराबंदीचे बंद

त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. फाळणीनंतर वसलेल्या सिंधी वस्तीत, कॅम्प तीनमध्ये, जीन्स शिवणारा म्हातारा, कानामागे खडू. शिवजयंतीच्या मिरवणुकीत अंबरनाथला आमच्या मंडळाचे वीस मावळे निघणार होते. आदल्या वर्षी जो तो घरचाच झब्बा घालून आला आणि लोक "बँडवाले आले" म्हणत हसले. यंदा सगळ्यांच्या बाराबंद्या अस्सल आणि एकसारख्याच हव्या, असं ठरवून आम्ही त्या शिवायला त्याच्याकडे दिल्या होत्या.

"चाचा, बंद बांधण्यात वेळ जातो. आतून टिचबटणं लावा," मी म्हणालो. घराण्यातला पहिला बी.ए. मी, मंडळात माझा शब्द चालायचा.

त्याने चष्म्यावरून पाहिलं. "महाराज के टाइम में टिचबटन था क्या? पढ़ा-लिखा है ना तू?"

त्याने विसांनाही बंदच लावले, प्रत्येक बंद दोनदा ओढून पाहिला.

मिरवणुकीच्या दिवशी घाईत मी माझी बाराबंदी पिनांनी टाचली. म्हातारा शटर ओढून बघायला आला होता. तो सरळ रांगेत शिरला, पिना काढून खिशात टाकल्या आणि माझा एकेक बंद बांधू लागला. मिरवणूक अडली. मागून ओरडा झाला.

"रुको रे," तो मान वर न करता म्हणाला, "एक मावळा बाकी है."