भिंतीत चिणलेली सुतळी

मी इंजिनिअर माणूस. भूतबाधेच्या गप्पा निघाल्या की उठून चहा ठेवायला जाणारा. त्यामुळे हे लिहिताना जरा ओशाळल्यासारखं होतंय... पण लिहितोच.

इंग्लंडमधल्या वॉटफर्डच्या आमच्या घराचं किचन मागे गार्डनमध्ये वाढवत होतो. बिल्डर डोरिन, रोमानियाच्या उत्तरेकडचा, मारामुरेशचा. तिथली लाकडी चर्चेस त्याच्या पूर्वजांनी बांधलेली — निमुळते उंच मनोरे, ओंडके एकमेकांत अडकवलेले, लोखंडी खिळा जवळजवळ नाहीच. माझे बाबा तेव्हा साताऱ्याहून आले होते, पीडब्ल्यूडीतून रिटायर्ड. दोघांचं छान जमलं. डोरिन फोनवर फोटो दाखवायचा आणि बाबा झूम करून सांधे बघत बसायचे.

मागची भिंत मात्र दोनदा तडकली. एकाच जागी.

चहा पिताना डोरिन म्हणाला, "आमच्याकडे पूर्वी गवंडी एखाद्याची सावली दोरीने मोजायचे आणि ती दोरी भिंतीत चिणायचे. भिंत टिकायची. तो माणूस चाळीस दिवसांत जायचा म्हणे."

बाबा हसले. "मग माझी मोजा की!"

"सर, असं बोलू नका." डोरिन हसला नाही.

तो व्हॅनकडे गेल्यावर मी खरंच मोजली. निव्वळ गंमत. बाबा उन्हात उभे राहिले, मी सुतळी कापली आणि विटांच्या फटीत सारली. दुसऱ्या दिवशी डोरिनने ती फट सिमेंटने भरली. त्याला काहीच माहीत नव्हतं.

भिंत पुन्हा तडकली नाही.

बाबांचं जेवण मात्र सुटत गेलं. जिना चढताना धाप लागायची. ब्लड टेस्ट, स्कॅन — सगळं नॉर्मल. पाचव्या आठवड्यात अ‍ॅडमिट करावं लागलं. "छातीत काहीतरी घट्ट होत चाललंय रे," म्हणाले.

मी मनातल्या मनात दिवस मोजत होतो. सांगणार कुणाला? अडतिसाव्या दिवशी सकाळी डोरिनला सांगून टाकलं. तो पांढराफटक पडला.

"आणि हे तू मला आत्ता सांगतोयस?"

एवढंच बोलला आणि छिन्नी-हातोडा घेऊन भिंतीला भिडला. अर्ध्या तासाने सुतळी निघाली. हाताला गरम लागली... भास असेल. डोरिनने छातीवर क्रॉसची खूण केली आणि सुतळी गार्डनमध्ये जाळली.

तेवढ्यात माझ्या बायकोचा, मुग्धाचा, हॉस्पिटलमधून फोन आला.

"अरे, बाबांनी टोस्ट मागितला! दोन खाल्ले!" मग आवाज खाली आणून म्हणाली, "मघापासून सारखे म्हणत होते, कुणीतरी माझ्या पाठीमागे विटा फोडतंय. आत्ता म्हणाले, थांबलं."

घरी काय चाललंय, हे मी तिला सांगितलेलं नव्हतं.

बाबा आता साताऱ्यात ठणठणीत आहेत. डॉक्टर म्हणाले, व्हायरल असेल. असेलही. भिंत फोडल्याचं बाबांना मी आजवर सांगितलेलं नाही, आणि त्यांनी काय ऐकलं ते विचारायची हिंमतही होत नाही. मला अजून याचा उलगडा झालेला नाही.

ते हॉस्पिटल आमच्या घरापासून चार मैलांवर आहे.