ओव्हनमध्ये भाजलेला बोर्ड

‘टाकून द्या’ असं आमच्या ह्यांच्या तोंडून लग्नापासून कधी ऐकलं नाही. नाव शांतवन, पण बंद पडलेली वस्तू दिसली की जिवाला शांती नाही. कोल्हारला रोडवर त्यांचं टीव्ही-मिक्सर दुरुस्तीचं दुकान. सगळ्यांनी हात टेकले की लोक म्हणतात, शांतवनभाऊंकडे न्या. आणि ह्या माणसाला त्या कौतुकाचं भारी व्यसन!

दुकानात मात्र शिस्त कडक. सोल्डरिंगचा डाग देताना शिसं वितळतं म्हणून टेबलावर मला चहाचा कप ठेवू देत नाहीत. साबणानं हात धुतल्याशिवाय घास नाही. हे मुद्दाम सांगते, म्हणजे पुढे जे केलं ते न कळून केलं असं कुणी म्हणायला नको.

मी घरी केक करून विकते. ओव्हन माझा, माझ्या कष्टाचा. कापणीच्या सणाच्या तोंडावर आमच्या चर्चमधला कीबोर्ड बंद पडला. पाळकसाहेब म्हणाले, जुना झालाय, नवा घेऊ. झालं! हे उठलेच. “थांबा साहेब, मी बघतो.”

आतल्या बोर्डावरचे डाग तडकले होते. मी राहुरीला माहेरी गेलेली. ह्यांनी तो बोर्ड माझ्या ओव्हनमध्ये ठेवून चांगला भाजला. तडकलेले डाग वितळतात आणि पुन्हा जुळतात, म्हणे. जुळलेही. पण त्या बोर्डाचा धूर ओव्हनच्या भिंतींना बसतो, जुन्या डागातलं शिसं जाळीला लागतं, आणि मागून जे भाजाल त्यात ते उतरू शकतं. ह्यांनी ओल्या फडक्यानं पुसलं आणि मूग गिळून बसले. मी आले, कंबर कसली आणि त्याच ओव्हनमध्ये सणाचा केक केला.

रविवारी कीबोर्ड असा वाजला की पाळकसाहेबांनी ह्यांना पुढं बोलावून सगळ्या मंडळीला टाळ्या वाजवायला लावल्या. हे गालातल्या गालात हसत होते. मग लिलाव. आमच्यात कापणीच्या सणाला ज्यानं जे देवाला आणलं, भोपळा, कोंबडी, गूळ, त्याची बोली लागते. माझ्या केकची बोली चढत चढत गेली. शेवटी अमृत मास्तरांनी तो घेतला आणि म्हणाले, “घरी कशाला न्यायचा? इथंच कापा, संडेस्कूलच्या पोरांना वाटा.” पोरांनी टेबलाला गराडा घातला. पाळकीणबाईंनी सुरी हातात घेतली.

तेव्हा हे उभे राहिले. “कापू नका.”

“का वो? केक सोडवंना व्हय?” मागनं कुणीतरी बोललं आणि हशा पिकला.

“कुनी खाऊ नका. कीबोर्डाचा बोर्ड मी त्याच ओव्हनात भाजला हाय. त्यातलं शिसं पोटात गेलं तर वाईट.”

पाळकीणबाईंनी सुरी खाली ठेवली. सगळ्या मंडळीचे डोळे माझ्याकडे. धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला. आणि राग तर असा आला! घरात दोन दिवस तोंड शिवलं होतं, ते अख्ख्या मंडळीसमोर उघडलं!

तेवढ्यात आमच्या गल्लीतल्या राहीबाई उठल्या. “शांतवन, हा पयलाच बोर्ड व्हय?”

ह्यांची मान खाली. “न्हाई मावशी. पावसाळ्यापासनं दोन-तीन झाले.”

मलाही ते तिथंच कळलं.

“माझ्या सृष्टीच्या वाढदिवसाचा केक तुझ्याच घरचा हुता,” राहीबाई म्हणाल्या आणि बसल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी राहीबाई नातीला, सृष्टीला घेऊन लोणीला डॉक्टरांकडे निघाल्या. हे न बोलावता गेले, मागोमाग मी. डॉक्टर म्हणाले, एखाद्या तुकड्यानं सहसा काही होत नाही, पण रक्त तपासून घेऊ. हे बाकाच्या पार टोकाला जाऊन बसले. मीही त्यांच्या शेजारी बसले. चूक ह्यांची असेल, केक तर माझ्या हातचा होता.

सुई दिसली तशी चार वर्षांची पोर हात आखडून रडायला लागली. नर्स ह्यांना म्हणाली, “आजोबा, लांब काय बसलात? नातीचा हात धरा.”

हे उठले आणि मध्येच थबकले. राहीबाईंकडे बघायची हिंमत होईना. आता बाई सगळं सांगणार, असं मला वाटलं.

राहीबाईंनी नर्सला काही सांगितलं नाही. ह्यांनाच म्हणाल्या, “धर की, शांतवन. तुझ्यापायीच टोचत्यात तिला.”

ह्यांनी धरला. सुई टोचली तशी पोरीनं ह्यांचं बोट गच्च आवळलं, आणि ह्यांना मान वर करता येईना.