चिवड्याच्या तळाशी पासपोर्ट

शेजारच्या देशांनी आमच्या डोक्यावरून एकमेकांवर क्षेपणास्त्रं फेकायला सुरुवात केली, तेव्हा आमच्या रियाधच्या घरी सासूबाई राहायला आल्या होत्या. पहिला धमाका असा झाला की भिंतीवरचं घड्याळ दचकून वीस मिनिटं पुढे गेलं. मी घाबरलो वगैरे नाही. पलंगाखाली मी चप्पल शोधत होतो. चप्पल माझ्या पायातच होती, ही माहिती बायकोने फोन करकरून सगळ्या नातेवाइकांना पुरवली.

विमानं बंद झाली आणि सासूबाईंचा चेहरा उतरला. शुक्रवारी साताऱ्याला त्यांच्या धाकट्या मुलाचं लग्न. तिकडून कुणीतरी समजूत घातली, "काकू, तुम्ही नसलात तरी लग्न लागेल हो." त्या वाक्याने सासूबाईंना जेवढा धक्का बसला, तेवढा क्षेपणास्त्राने बसला नव्हता.

त्या काळजीत पडल्या की चिवडा करतात. त्या आठवड्यात इथल्या बत्हा बाजारात पातळ पोहे शिल्लक नव्हते, याला दुसरं कारण मला तरी माहीत नाही.

मी दूतावासाच्या मदतीच्या नंबरवर फोन लावला. पलीकडचे गृहस्थ इतके शांत होते की मला आपल्याच घाबरटपणाची, म्हणजे बायकोच्या घाबरटपणाची, लाज वाटली. "घरातच थांबा. खिडक्यांपासून लांब बसा. अफवा पुढे पाठवू नका. पासपोर्ट आणि इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, एका जागी सुरक्षित ठेवा." माझ्या तोवर सात अफवा पाठवून झाल्या होत्या. त्यातली दोन तर माझ्याच होत्या.

सासूबाईंनी त्यातला 'सुरक्षित' हा शब्द मनावर घेतला. त्यांच्या लेखी सुरक्षित जागा एकच, डब्याचा तळ. त्यांनी पासपोर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळला, ओट्यावरच्या रिकाम्या डब्यात ठेवला आणि वर काठोकाठ चिवडा भरला. कुणाला बोलल्या नाहीत.

तो डबा खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंचा. त्यातून वड्या आल्या होत्या. आता आपल्याकडे कुणाचा डबा रिकामा परत करायची पद्धत नाही. बायकोला वाटलं, आईने तेवढ्यासाठीच भरून ठेवलाय. दुपारी आई झोपलेली असताना तिने तो खाली नेऊन दिला. डॉक्टरीणबाई तो घेऊन हॉस्पिटलात गेल्या, सलग ड्यूटीवर.

गुरुवारी सकाळी आकाश विमानांसाठी पुन्हा उघडलं आणि दुपारच्या विमानात एक जागा मिळाली. सासूबाई हसत ओट्याकडे गेल्या आणि ओटाभर हात फिरवू लागल्या.

"अगं, इथला डबा?"

"दिला की, आई. कालच."

"माझा पासपोर्ट होता त्यात!"

"चिवड्यात पासपोर्ट कोण ठेवतं?"

"सुरक्षित ठेवा म्हणाले ना! जावईबापूंनीच सांगितलं!"

सगळं माझ्यावर आलंच. मी डॉक्टरीणबाईंना फोन केला.

"भाऊजी, डबा अतिदक्षता विभागात दिलाय. इजिप्तचे एक डॉक्टर सकाळपासून त्यावर ताव मारत बसलेत."

"त्यांना म्हणावं, खाली खणा, तळाशी पासपोर्ट आहे!"

पाच मिनिटं फोनवर नुसता कुरकुरीत आवाज. मग पलीकडे एकदम हशा. "सापडला! पिशवीला भोक पडलंय. पण मावशींचा फोटो छान दिसतोय, पिवळाधमक!"

मी गाडी अशी हाणली की रियाधचे सिग्नल मला बघून आपोआप हिरवे झाले. एकाने केलं नाही, त्याचा दंड यायचाय. हॉस्पिटलच्या फाटकावर बंदोबस्त, पाहुण्यांना मज्जाव. पहारेकऱ्याला मी माझ्या अरबीत सगळं समजावलं. त्याने मला तातडीचा रुग्ण समजून खुर्ची आणून दिली. तेवढ्यात ते इजिप्तचे डॉक्टर हिरव्या कपड्यांत धावत आले. एका हातात पासपोर्ट, दुसऱ्यात डबा. "खलास!" ते दुःखाने म्हणाले. मला वाटलं, पासपोर्टचं काही झालं. त्यांनी डबा उलटा करून दाखवला. मी त्यांना मिठी मारली आणि घरचे उरलेले दोन डबे कबूल केले.

विमानतळावर मी आणि बायको काचेपलीकडून बघत होतो. खिडकीतल्या अधिकाऱ्याने पासपोर्ट उघडला. पानांतून एक शेंगदाणा टपकला. त्याने पासपोर्ट नाकाजवळ नेला, मग सासूबाईंकडे पाहिलं. बायकोने माझा दंड इतका आवळला की आजही तिथे वळ आहे, दाखवतो हवा तर. सासूबाईंनी त्याला काचेपलीकडे आम्हालाही ऐकू येईल अशा शुद्ध मराठीत ठणकावलं, "मुलाचं लग्न आहे बाळा, उशीर करू नकोस."

त्याला काय कळलं कोण जाणे. त्याने शिक्का मारला, रुमालाने बोटं पुसली आणि दोन्ही हातांनी पासपोर्ट परत दिला. सासूबाई मागे वळूनसुद्धा न बघता तरातरा निघाल्या, वरमाईच्या चालीने.