सिस्टरांची सॅक

"जरा उचलून बघू का?"

केबिन रोडवरच्या दुकानदारांना सिस्टरांचं हे वाक्य पाठ होतं. कुकर असो, चादर असो, नाहीतर छत्री. वस्तू हातात घ्यायची, डोळे मिटायचे, क्षणभर थांबायचं आणि मग ठरवायचं. अशी एखादी बाई तुमच्याही शेजारी असेल. तिच्याबरोबर बाजारात गेलं की आपण नुसते बघत उभे राहतो.

मिरा रोडच्या आमच्या बिल्डिंगमध्ये त्या माझ्या समोरच्या दारात राहायच्या. सरकारी हॉस्पिटलात आयुष्यभर नर्स होत्या, म्हणून लहानथोर सगळ्यांच्याच त्या सिस्टर. नवरा बऱ्याच वर्षांपूर्वी गेलेला, मुलगा नागपूरला नोकरीला. रिटायर झाल्यानंतर एकदा माझ्याकडे चहा पिताना म्हणाल्या, "पुढच्या वर्षी नॉर्वेला जातेय. उन्हाळाभर. तंबूत राहणार."

"कुठल्या टूरबरोबर?"

"टूर कसली? एकटीच."

मी कप खाली ठेवला. त्यांनी बशीतलं बिस्किट उचललं आणि सॅक घ्यायला माझ्याबरोबर येशील का, असं विचारलं.

अंधेरीच्या दुकानात विक्रेत्याने आधी माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. "आंटी, बेटे के लिए चाहिए?"

"मेरे लिए," म्हणत सिस्टरांनी पिशवीतून तांदळाचे आणि गव्हाच्या पिठाचे पुडे काढले आणि एकेक करून सॅकमध्ये भरायला लागल्या. भरलेली सॅक पाठीवर घेऊन, कमरेचा पट्टा आवळून त्या दुकानात फेऱ्या मारू लागल्या. मग बाहेरचा जिना चढल्या, उतरल्या. बाकीची गिऱ्हाइकं बाजूला होऊन वाट देत होती.

"ही नको. खांद्यावर बसतेय."

"सॅक खांद्यावरच असते ना, सिस्टर?"

"नाही गं. वजन कमरेवर यायला पाहिजे. पेशंट उचलतानाही तसंच. खांद्याने उचलायला गेलं की पाठ संपली."

मला लाल सॅक आवडली होती. त्यांनी राखाडी, दिसायला अगदी साधी अशी निवडली. ती चढवली तेव्हा मात्र त्यांचा चेहरा बदलला. हात सोडून त्या सरळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ही चालेल. ही घेऊन मी पडणार नाही."

मुलगा फोनवर चिडला होता. गुडघे दुखतात, वय झालं, निदान हॉटेलात तरी राहा, मी बुकिंग करतो. त्यांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हॉटेलात राहायला एवढ्या लांब कशाला जाऊ, बाळा?"

पावसाळ्यात त्यांनी टेरेसवर तंबू लावून बघितला. सोसायटीचे सेक्रेटरी धापा टाकत वर आले. "सिस्टर, टेरेसवर असं काही लावता येत नाही. नियम आहे."

"पाणी आत येतं का बघतेय. भिजताय कशाला, या आत."

पाऊस एवढा जोरात आला की सेक्रेटरींना आत जावंच लागलं. मी जिन्याच्या दारात उभी होते. बऱ्याच वेळाने ते बाहेर आले, कोरडे ठणठणीत. नियमाचं पुन्हा काही बोलले नाहीत. "आत बरं वाटतं," एवढंच पुटपुटले.

त्याच दिवशी तंबू वाळत घालताना मी त्यांना विचारलं, "पण नॉर्वेच का?"

दोरी गुंडाळता गुंडाळता त्या सांगायला लागल्या. परभणीकडच्या त्यांच्या गावी त्या लहानपणी आईबरोबर सरपण गोळा करायला जायच्या. एकदा दुपारी बांधावरच्या झाडाखाली भाकरीचं फडकं सोडून बसल्या, तर शेताचा मालक आला. तुम्ही कुणाच्या, असं त्याने विचारलं. आईने वस्तीचं नाव सांगितल्यावर त्याने त्यांना उठवलं. आईने उघडी भाकरी तशीच पदरात बांधली आणि दोघी उन्हात चालू लागल्या.

"नॉर्वेत घरांपासून लांब, मोकळ्या रानात कुणीही तंबू लावू शकतं. रान कुणाचंही असो," त्या म्हणाल्या. "तसा कायदाच आहे तिथे. हे वाचलं त्या दिवसापासून डोक्यातून जात नाही. खरंच असं असतं का, ते मला झोपून बघायचंय."

ओल्या तंबूचं दुसरं टोक मी धरून राहिले.

निघायच्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या गुजराती भाभींनी थेपल्यांचा मोठा डबा आणला. सिस्टरांनी तो हातावर तोलला. "भाभी, इतने नहीं. आधे." उरलेले थेपले आम्ही जिन्यातच खाल्ले आणि त्या राखाडी सॅक चढवून, कुणाचा हात न धरता खाली उतरल्या.

पहिले काही दिवस त्या भीतभीतच झोपत होत्या, असं त्यांनी नंतर फोनवर सांगितलं. एका सकाळी तंबूसमोर एक म्हातारा शेतकरी येऊन उभा राहिला. यांनी घाईघाईने पासपोर्ट काढला आणि हातात धरून उभ्या राहिल्या. त्याने त्याकडे बघितलंसुद्धा नाही. आकाशाकडे बोट दाखवून काहीतरी बोलला, वारा येणार असल्याची खूण केली आणि खाली वाकून खुंट्या उपटायला लागला. दोघांनी मिळून तंबू मोठ्या खडकाच्या आडोशाला नेला. मग म्हातारा हात हलवून निघून गेला.

"मग तुम्ही काय केलंत?"

"रडले. मग चहा केला."

गुडघ्यांनी त्यांना उन्हाळाभर साथ दिली. परत आल्यावर वर्षभरात त्या मुलाकडे नागपूरला राहायला गेल्या. समोरच्या दारावर आता दुसरी पाटी आहे.

त्यांनी तिकडून पाठवलेला एक व्हिडिओ माझ्या फोनमध्ये आहे. त्यात त्या दिसत नाहीत, नुसता आवाज आहे. तंबू नुकताच काढलाय. उतारावर हिरवं गवत आणि मधोमध माणूस झोपेल एवढा दबलेला तुकडा. "बघ," त्या हळू आवाजात म्हणतात, "रात्री मी इथे होते." मग वारा वाहत राहतो आणि गवताची एकेक काडी हळूहळू उभी राहते.