धुऊन टाकलेले मलम : माजलगाव ते कपिलधार

ज्याच्या कृपेवाचून वाचलेले उमजत नाही आणि उमजलेले आचरणात येत नाही, त्या शिवाला प्रथम नमन. त्याने मला शहात्तर वर्षांचे आयुष्य दिले, पोथ्या वाचण्याइतकी दृष्टी दिली, आणि माझ्याहून आठ वर्षांनी लहान अशी एक बहीण दिली. त्या बहिणीच्या डाव्या तळहाताचा मी अपराधी आहे. हे प्रवासवर्णन त्या अपराधाचेही वर्णन आहे. बीडजवळच्या डोंगरातल्या कपिलधार तीर्थाला जाऊ इच्छिणाऱ्यांना वाटेची माहिती यात मिळेलच. पण मलमाची नळी हाती घेणाऱ्यांनी उरलेलेही वाचावे, ही विनंती.

गिरिजा, माझी बहीण, गेली बावीस वर्षे कार्तिकातल्या एका सोमवारी कपिलधारच्या अन्नछत्रात भाकरी थापते. वैधव्यानंतर ती माझ्याकडेच राहते. वर्षभर तिचे मागणे काही नसते. हा एक दिवस मात्र ती कोणाला देत नाही. यंदा निघण्याच्या आठ दिवस आधी ती म्हणाली, "आण्णा, हात दाखवून मग जाऊ. असल्या हातानं पीठ मळवत न्हाई." तेव्हा ठरले, आधी बीडला त्वचेच्या डॉक्टरांकडे, तिथून कपिलधार.

माजलगावहून सकाळी सातची बस पकडली. कारखान्यांचा हंगाम सुरू झाल्याने उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर रस्ताभर असतात. तेलगावपर्यंत गाडी रखडते, पुढे वडवणीवरून बरी धावते. दोन तास धरून चालावे. पंच्याहत्तरीपुढच्यांना बस फुकट आणि स्त्रियांना अर्धे तिकीट, पण आधार कार्ड हाताशी ठेवावे. कंडक्टरने माझे कार्ड उलटसुलट करून पाहिले.

"बाबा, शहात्तर? वाटत न्हाई हो."

"केस असते तर वाटलं असतं," गिरिजा खिडकीकडे पाहत म्हणाली. मागच्या बाकावरचे दोघे मोठ्याने हसले. मीही हसलो. मग माझे लक्ष गेले, की तिने पैसे उजव्या हाताने दिले, तिकीट उजव्यानेच घेतले, पिशवीही उजव्यानेच सावरली. डावा हात पदराखाली होता. घरात मी तो कितीतरी महिने नीट पाहिलेला नव्हता.

आता मूळ गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या घरी गळ्यातल्या इष्टलिंगाची त्रिकाळ पूजा आहे. लिंग डाव्या तळहातावर घ्यायचे, त्यावर पाणी, भस्म, बेल. गेल्या वर्षी गिरिजेच्या त्याच तळहातावर कोरडा, भेगाळलेला, कडेला लालसर असा खाजरा चट्टा उठला आणि अंगठ्याचे नख पिवळे, जाड होऊ लागले. गावातल्या डॉक्टरांनी बुरशीचा संसर्ग म्हणून मलम लिहून दिले, दिवसातून दोनदा, महिनाभर. तिने मला विचारले, "मलम लावल्या हातावर लिंग घेतलं तर चालंल का?" मी क्षणाचाही विचार न करता निर्णय दिला: करस्थल, म्हणजे लिंग धरण्याचा तळहात, शुद्ध हवे, मलमात कसली चरबी असेल कोणी सांगावे, पूजेआधी धुऊन टाकत जा. पूजा तीनदा, म्हणून मलमही तीनदा धुतले गेले. सकाळी लावलेले दुपारपर्यंत टिकत नसे. खाज थोडी थांबली तशी मीच म्हणालो, बरे झाले, आता कशाला लावतेस?

दोन महिन्यांनी ते दुप्पट होऊन परतले. मग मी आणखी एक शहाणपणा केला. ओळखीच्या औषध दुकानदाराकडून, चिठ्ठी नसताना, 'जोरदार' म्हणून एक नळी आणली. चार दिवसांत लाली गेली. मी चारचौघांत त्या नळीची कीर्ती सांगितली. मलम थांबवताच रोग मनगटावर चढला, पुन्हा लावले की दबे, थांबवले की पसरे. असे पाच महिने चालले.

बीडला बसस्थानकासमोर पोहे आणि चहा घेतला. पोहे झणझणीत, चहा गोड. दवाखाना चालत दहा मिनिटांवर. डॉक्टर एक तरुण बाई होत्या. त्यांनी गिरिजेचा हात दिव्याखाली धरला, कड हलकेच खरवडून काचेवर घेतली, नखाचा चुरा घेतला, साखर तपासायला सांगितली, आणि मग नळी मागितली. त्यांनी ती वाचली. मी ती पाच महिन्यांत एकदाही वाचली नव्हती.

"आजी, यात बुरशीचं औषध आहे, पण सोबत स्टेरॉइडही आहे. त्यानं लाली दबते आणि बुरशी आतून वाढते. मनगटाची कातडी बघा, कागदासारखी झालीय. ही नळी कोणी दिली?"

मी खुर्चीत बसलेलो होतो. उत्तर मी द्यायचे होते.

"मीच आणली दुकानातून," गिरिजा म्हणाली.

"आणि आधीचं मलम महिनाभर लावलं होतं?"

"न्हाई. मीच धुवून टाकायची. पूजा असती ना."

डॉक्टर तिलाच रागावल्या. शिकलेल्या घरातल्या दिसता, असे कसे केलेत, वगैरे. मी छतावरचा पंखा पाहत राहिलो. सत्यावर मी आयुष्यभर प्रवचने केली. त्या खोलीत मला एक वाक्य बोलता आले नाही.

डॉक्टरांनी मग शांतपणे समजावले, ते इथे देतो. हात साबणाने धुवावा, आणि बोटांच्या बेचक्यांसकट पूर्ण कोरडा करावा. ओलाव्यावर मलम लावू नये. थर पातळ असावा, पण डागाच्या कडेबाहेर दोन बोटे जावा, कारण बुरशी दिसते त्याहून पुढे गेलेली असते. खाज थांबली, डाग गेला, तरी डॉक्टर सांगतील तितके दिवस चालू ठेवावे. डोळ्याला, तोंडाला लागू देऊ नये. दुसऱ्या हाताने लावले तर तो हात लगेच धुवावा. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा, उन्हात वाळवलेला. फार आग झाली, फोड आले, तर थांबवून दाखवावे. नखाची गोष्ट आणखी संथ: जाड नखात मलम शिरत नाही, त्यासाठी नखावर लावायचे वेगळे औषध असते, नख घासून पातळ करून लावायचे, आणि नवे नख उगवेपर्यंत महिने जातात. घासायची पट्टी दुसऱ्याने वापरू नये. त्याने भागले नाही तर पोटात गोळ्या, पण त्या रक्त तपासूनच.

"पूजेचं काय करू?" गिरिजेने विचारले.

"करा की. आधी पूजा, मग हात कोरडा, मग औषध. सकाळी आणि संध्याकाळी. दुपारी तेवढा हात भिजवू नका."

"आणि भाकरी?"

डॉक्टरांनी तळहात पुन्हा पाहिला. "सध्या नको, आजी. भेगा आहेत. ओलं पीठ तुमच्या हातालाही वाईट, आणि तुमचा संसर्ग दुसऱ्यांनाही नको."

तिने पदर नीट केला.

बीडहून कपिलधारला स्वतंत्र रिक्षा करावी. आम्हाला जाऊन-येऊन आठशे पडले. जीप मिळते, पण ती भरेपर्यंत थांबावे लागते. पालीजवळ बिंदुसरेच्या धरणापाशी थांबण्यासारखे आहे. यंदा पाणी चांगले आहे, काठावर बगळे होते, भजी गरम होती. रिक्षावाला म्हणाला, "आज्जी, फोटो काढा की, लई भारी हाय." ती उतरली नाही. पुढे घाट चढून रस्ता डोंगरात वळतो आणि दरीत उतरतो. कार्तिकात धबधबा बारीक झालेला असतो, तरी कातळावरून पडणाऱ्या पाण्याचा आवाज पायऱ्यांपासून ऐकू येतो. पायऱ्या ओल्या असतात, माकडे हातातले नारळ ओढतात. ज्येष्ठांनी काठी घ्यावी. दर्शन अर्ध्या तासात झाले.

अन्नछत्रात चुली पेटल्या होत्या. शांताबाई, तिथल्या भाकऱ्यांची सगळी व्यवस्था पाहणारी पन्नाशीची बाई, लांबूनच ओरडली, "आली गं आली! परात ठेवलीय तुझी. कुटं होतीस इतका येळ?"

गिरिजेने हात पदराबाहेर काढला. चुलीभोवतीच्या बायका वाकून पाहू लागल्या.

"अगं बाई!" शांताबाई जवळ आली. "कावून इतकं वाढू दिलंस? लाज वाटली व्हय दाखवायला?"

"तसंच काहीतरी," गिरिजा म्हणाली.

दवाखान्यातल्या खुर्चीत बसलो होतो तसाच मी इथेही बसून ऐकत होतो. या वेळी मी उठलो. "शांताबाई, तिची चूक नाही. औषध धुऊन टाक असे मी सांगितले. न विचारता दुसरे मलम मी आणले. दवाखान्यात तिने माझा दोष स्वतःवर घेतला, आणि मी घेऊ दिला."

शांताबाईने माझ्याकडे पाहिले. मला त्या परिसरात मान आहे. कोणी माझ्यासमोर आवाज चढवत नाही. ती म्हणाली, "आण्णा, तुमी इतक्या पोथ्या वाचता. ती बोटभर ट्यूब तेवढी कावून न्हाई वाचली?"

कोणीतरी तोंडाला पदर लावून हसले. मी खाली बसलो.

गिरिजेच्या परातीवर एका नव्या सुनेला बसवले. तिच्या भाकऱ्या कडेला फाटत होत्या. गिरिजा भिंतीशी बसून सांगत राहिली: "पाणी कढत घे. मळ अजून. घाई नगं करू." शेवटी पोरीची भाकरी तव्यावर टम्म फुगली तेव्हा बायकांनी कौतुक केले, आणि गिरिजेनेही केले, पण मग ती उठून एकटीच धबधब्याकडे गेली. पंगतीत मला भाकरी, पिठले, ठेचा, वरण मिळाले. बावीस वर्षांत प्रथमच, त्या पंगतीतल्या एकाही भाकरीला तिचा हात लागलेला नव्हता. प्रसाद म्हणून पान संपवले.

संध्याकाळच्या बसने परतलो. दुसऱ्या दिवशी पूजेनंतर मी तिला म्हणालो, की आजाऱ्याने पूजा मनात केली तरी ती पोचते, हे मी कितीतरी लोकांना वाचून दाखवले आहे. तुला सांगायचे मात्र मला सुचले नाही. तिने हात कोरडा पुसला, मलम पातळ लावले, कडेबाहेर दोन बोटे, आणि झाकण घट्ट बसवले.

"आण्णा, शास्त्र तुमचं हाय, त्याला मी काय म्हनू," ती म्हणाली. "पर हात माझा होता. कसा हाय म्हणून एकदा हातात घिऊन बघायचा तरी होता."

आता दोन महिने झाले. तळहात निवळला आहे, औषध चालू आहे. नखाच्या मुळाशी नवी, स्वच्छ कड दिसते. बाकीचे यायला पावसाळा उजाडेल. मनगटाची पातळ झालेली कातडी पूर्ववत होईलच असे डॉक्टर सांगत नाहीत. आणि तो सोमवार तर गेलाच. रोज सकाळी पूजा आटोपली की मी तिचा हात माझ्या हातात घेऊन उजेडात पाहतो. ती पाहू देते. त्यानंतर मी माझा हात धुतो.

वाचकहो, तुमची कातडी निरोगी राहो. तुमच्या घरातली कोणतीही वेदना पदराखाली न राहो. ज्यांच्या शब्दाला घरात वजन आहे, त्यांना आधी पाहण्याची आणि मग बोलण्याची बुद्धी मिळो. आणि ज्यांचे हात इतरांना जेवू घालतात, ते हात शंकर सदैव धडधाकट ठेवो.