निघालोच

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. मल्लेश्वरममध्ये सिनेगॉग नाही, त्यामुळे दर शनिवारी सकाळी बाबा जेवणाच्या टेबलाशी बसून तोरा या आमच्या धर्मग्रंथातला त्या आठवड्याचा भाग वाचतात. आधी हिब्रूत, मग माझ्यासाठी मराठीत. श्रोता मी एकटाच, त्यामुळे डुलकी लगेच पकडली जाते.

गेल्या महिन्यात गुलामीतून सुटलेल्या आमच्या पूर्वजांच्या रानातल्या मुक्कामांचा भाग आला. इथून निघाले, तिथे उतरले. तिथून निघाले, आणखी कुठे उतरले. असे बेचाळीस मुक्काम, आणि वाचताना मध्ये थांबायचं नाही असा रिवाज. अकराव्या मुक्कामाला माझा फोन वाजला. होसकोटेच्या साइटवर माणसं माझी वाट बघत होती. मी पुटपुटलो, "निघालोच." मी अजून लुंगीवर होतो.

बाबांनी बेचाळीसही मुक्काम संपवले आणि मग चष्मा काढला. "यात निघाले म्हणजे निघाले," ते म्हणाले. "लुंगीत बसून कोणी निघालेलं नाही."

'निघालोच' या शब्दाचा त्यांना राग आहे. त्यांची थोरली बहीण, माझी आत्या, तरुणपणीच इस्राएलला गेली. तिला भेटायला जायचं तीनदा ठरलं. आमच्यात प्रवासाआधी एका संदेष्ट्याच्या नावाने मलिदा करतात: पोहे, गूळ, ओलं खोबरं, वर फळं. तिन्ही वेळा मलिदा झाला, प्रवास झाला नाही. एकदा आई आजारी पडली, एकदा तिकडे लढाई पेटली, आणि तिसऱ्यांदा बाबांच्याच हृदयाने दगा दिला. सरकारी कारखान्यात उभा जन्म काढलेल्या माणसाने खाल्लेला मलिदा तो एवढाच. शेजारच्या अक्का अजून विचारतात, "यंदा मलिदा कधी?"

आत्याला मात्र बाबांनी कधी थाप मारली नाही. जमत नाही तर जमत नाही म्हणून सांगायचे. मग ती आठवडाभर बोलायची नाही.

मुक्कामांची यादी नदीच्या अलीकडच्या काठावर संपते. ज्याने सगळ्यांना तिथवर चालवत आणलं, त्यालाच पलीकडे जायची परवानगी नाही. यावर बाबा दरवर्षी अर्धा तास बोलतात. यंदा त्यांनी नुसतं पुस्तक मिटलं. चारच दिवसांपूर्वी डॉक्टरांनी सांगितलं होतं की विमानप्रवास आता कायमचा बंद. मला फार वाईट वाटलं. होसकोटेला मी दीड तास उशिरा पोचलो.

दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी, आत्याचा व्हिडिओ कॉल आला. ती नव्वदीला टेकली आहे आणि व्हिडिओ असला तरी फोन कानालाच लावते. त्यामुळे गेली काही वर्षं आम्हाला आत्याचा फक्त कान दिसतो. डॉक्टर काय म्हणाले ते तिला आज स्वतः सांगणार, असं बाबांनी सकाळपासून मला दोनदा बजावून सांगितलं होतं.

"तू कधी येतोस रे?" कान म्हणाला.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मग स्वतःच्या लुंगीकडे बघितलं.

"निघालोच, ताई," ते म्हणाले.